वहीतली दोन नावं

प्रिय हट्टीबाई,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. माझं डोकं ठिकाणावर आहे का ते तपासायला तू गुरुवारची डॉक्टरांची वेळ घेतली आहेस. मी येईन, खुशाल तपासू देत. पण तोवर राष्ट्रीय उद्यानात पाऊल टाकायचं नाही हा तुझा हुकूम मी मोडला आहे. माझे बूट कपाटात कोंडून किल्ली घेऊन गेलीस, तरी जुने बूट माळ्यावर होते. आज सकाळीच जाऊन आले.

ओढ्याकाठच्या वाटेने चढले, वरच्या सपाट खडकावर बसून काकडी खाल्ली आणि तीन तासांत खाली. कुठे धडपडले नाही. चाळीस वर्षं शिलाई मशीनवर वाकून माझ्या पाठीची कमान झाली होती, ती याच वाटांनी सरळ केली, हे तू सोयीस्करपणे विसरतेस. तुझ्या बाबांना दम लागला की ते पक्षी दाखवायला थांबायचे आणि नाव ठोकून द्यायचे, दहातली आठ चुकीची. आज मी दम खायला थांबले तेव्हा पक्षी खरोखरच दिसले. नावं मात्र मलाही येत नाहीत. फार बरं वाटलं गं, आणि ते मी लपवणार नाही.

आता त्या दिवसाचं. बाबा गेल्यावर वर्षभराने मी पहिल्यांदाच तिकडे गेले होते. फाटकाजवळच्या वहीत जाताना नावं लिहायची आणि परतल्यावर नावापुढे खूण करायची, अशी तिथली पद्धत. वीस वर्षं दोघांची नावं मीच लिहायचे, बाबा तोवर बुटांच्या नाड्या बांधत बसायचे. हाताने सवयीने दोन्ही नावं लिहिली, माझं लक्षही गेलं नाही. परतल्यावर फक्त माझ्या नावापुढे खूण केली, कारण बाबा त्यांची खूण स्वतःच करायचे. घरी येऊन गाढ झोपले. संध्याकाळी नव्या वनरक्षकाने वही पाहिली, माझा फोन लागेना, म्हणून वहीत लिहिलेल्या दुसऱ्या नंबरवर तुला कळवलं की आई परतल्या आहेत, वडील अजून आत आहेत. चूक माझीच. पण त्याला वेड लागणं म्हणत नाहीत.

हेच ठणकावून सांगायला मी हे पत्र लिहिणार होते. पण आज माफी मागायला त्या वनरक्षकाकडे गेले, तर त्याने मला बसवून चहा दिला आणि सगळं सांगितलं. बाबा नाहीत, हे तू त्याला फोनवरच सांगू शकली असतीस. सांगितलं नाहीस. कामावरून तशीच निघालीस, शोधायला निघालेल्या वनरक्षकांबरोबर ओढ्यापर्यंत गेलीस आणि अर्धा तास बाबांना हाका मारत राहिलीस. मग खाली बसलीस आणि त्या वनरक्षकांना म्हणालीस की आता शोधू नका. त्यानंतर घरी येऊन तू माझ्यावर का ओरडलीस ते मला आज कळलं. पोरी, मी तुला त्या वाटेवर नेऊन सोडलं, त्याबद्दल मला माफ कर. डॉक्टरांना यातलं काही सांगायची गरज नाही. गुरुवारी मी तुझ्याबरोबर येते, रविवारी तू माझ्याबरोबर चल. ओढ्यापाशी थांबू. हाका माराव्याशा वाटल्या तर दोघी मिळून मारू.

तुझीच,
आई