बेळ्ळक्कींचा बर्फ

बेंगळुरू, २४ ऑगस्ट २०२५

ती. रविअण्णास,
क्षमाचा सा. न. वि. वि.

फोनवर आपण तिसऱ्या मिनिटाला भांडतो, आणि मग आई दोन दिवस माझ्याशी फक्त कन्नडमध्ये बोलते. म्हणून हे पत्र.

इंदिरानगरच्या मॉलमधला बर्फाचा हॉल दसऱ्यानंतर बंद होणार, हे आता पक्कं झालं. तिथे फर्निचरचं दुकान येतंय. लीगवाल्यांनी प्रत्येक संघाकडे आपापला इतिहास मागितला आहे, एक पान, स्मरणिकेसाठी. आपल्या संघाचा, बेळ्ळक्कींचा, इतिहास लिहायचं काम अर्थातच मॅनेजरकडे आलं, म्हणजे माझ्याकडे.

लिहायला बसते आणि पहिल्याच ओळीला अडते. तू मॉलचं थंडीचं यंत्र दुरुस्त करायला गेलास आणि परत येताना आइस हॉकीचा संघ घेऊन आलास, हे खरं आहे, पण छापण्यासारखं आहे का? पांढऱ्या जर्सी घालून सगळे एका पायावर तोल सांभाळत उभे राहिले, तेव्हा हॉलमधला गुंडो बर्फ सारखा करायचं त्याचं यंत्र थांबवून हसला आणि बेळ्ळक्की म्हणाला. हलसूरच्या तळ्यावरच्या बगळ्यांचं नाव आपल्याला असं चिकटलं. पहिला सामना हैदराबादशी, चौदा-शून्य. पुढे कधीतरी जिंकायलाही लागलो. दुसऱ्या दर्जाच्या लीगमधून वर मात्र कधीच गेलो नाही. ‘संघाने शहराचं प्रेम मिळवलं’ असं एक वाक्य लिहिलं आणि खोडलं. प्रेक्षकांत निम्मे लोक एसीसाठी बसलेले असतात.

तुझी हुबळीच्या कोल्ड स्टोरेजला बदली झाली, तेव्हा तू संघ सहा महिने सांभाळ म्हणाला होतास. त्याला आठ वर्षं झाली. तक्रार नाही. किंवा आहे, पण ती खरी कुणाविरुद्ध आहे ते मला नीट सांगता येत नाही.

तुझी लेक संहिता मजेत आहे. इलेक्ट्रॉनिक सिटीहून आली की जेवते, झोपते आणि सरावाच्या दिवशी मला उठवते. गोलात ती तुझ्यापेक्षा बरी आहे असं विराटचं मत. तो कॅप्टन आहे, त्यामुळे मी मध्ये बोलत नाही.

आईचे आशीर्वाद. माझ्यावरचा लोभ भांडणाच्या दिवशीही थोडा शिल्लक ठेव.

तुझी,
क्षमा

*

हुबळी, ५ सप्टेंबर

चि. क्षमास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. इतिहास लिही, पण शोकसभेचं भाषण लिहू नकोस. होसकोट्याच्या इंडस्ट्रियल एरियात माझ्या एका जुन्या मित्राची शेड रिकामी आहे. तिथे मी लहानसा का होईना, बर्फ घालून देतो. पाइप, कॉम्प्रेसर सगळं डोक्यात तयार आहे. फक्त संघ लीगमध्ये टिकला पाहिजे. शेवटच्या संघाचं नाव कापतात हे तुला माहीत आहे, आणि आपण शेवटून दुसरे आहोत तेही एका गुणाने. खंडेनवमीला त्याच शेवटच्या संघाशी, कोचीशी, मोसमातला शेवटचा सामना आहे. बरोबरी झाली तरी पुरे.

तू एसीवाल्या प्रेक्षकांना हसतेस, पण त्यातलीच एक पोरगी, आपली संहिता, गोलकीपर झाली. ती तेव्हा आठवीत होती आणि तुझ्या ओढणीत गुरफटून बसायची.

आईला सांग, खंडेनवमीची बर्फाच्या यंत्राची पूजा दरवर्षीसारखी साधी कर. हळद, कुंकू, एक फूल. यंत्र मॉलचं आहे, आपल्या घरचं नाही.

तू दमली आहेस हे ओळींतून दिसतं. पण आता अगदी काठावर येऊन सोडू नकोस.

आमची आठवण काढत जा, रागाने का होईना.

तुझा,
अण्णा

*

बेंगळुरू, १९ सप्टेंबर

ती. अण्णास,
सा. न. वि. वि.

होसकोटे वाचून मी पत्र घडी घालून ठेवलं आणि भांडी घासली. ऑफिसातून तिथे जायला किती वेळ लागतो, हे हुबळीत बसून कळणार नाही. मी तुला एक गोष्ट लिहून टाकते, म्हणजे नंतर लपवली असं होणार नाही. आपण हरावं असं मला वाटतं. खेळाडूंनी वाईट खेळावं असं नाही, फक्त संपावं. मग जर्सी धुवायला टाकणं, कोणाला ताप आला म्हणून सकाळी दुसरा शोधणं, विराटच्या सासूबाईंना सामन्याचं महत्त्व पटवणं, यातलं काही उरणार नाही. असं वाटणाऱ्या बाईने मॅनेजर असावं का, हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारते. उत्तर येतं ते माझ्या सोयीचं असतं, म्हणून त्याच्यावर विश्वास बसत नाही.

आई तुझं ऐकेल असं वाटत नाही. या हॉलमधली शेवटची पूजा, ती साधी कशी करायची म्हणते. शेजारच्या शिवलीलाअक्कांशी खलबत चालू आहे.

एवढं वाचूनही लोभ कमी झाला नसेल, तर तसं कळव.

तुझी,
क्षमा

*

बेंगळुरू, ४ ऑक्टोबर

ती. अण्णास,
सा. न. वि. वि.

संहितेने हॉस्पिटलमधून तुला फोनवर सांगितलंच आहे. डावं मनगट मोडलं, शस्त्रक्रिया नको, प्लास्टर सहा आठवडे. ती हसत बोलली असेल. मी तिच्या शेजारी उभी होते आणि मला तो फोन हातात घेववला नाही. झालं कसं ते सगळं लिहिते.

सकाळी आईने यंत्राची पूजा केली. हार, चाकांखाली लिंबं, आणि मग संघाची आणि यंत्राची मिळून दृष्ट काढली. मीठ-मोहऱ्या तू लहानपणी पाहिल्यास तशा मुठीत नव्हत्या, दोन डबे भरून जाडं मीठ होतं. घरी आपण मीठ-मोहऱ्या चुलीत टाकतो. मॉलमध्ये विस्तव चालत नाही. शिवलीलाअक्कांकडे मीठ पाण्यात सोडतात, ते विरघळलं की दृष्ट विरते. तेव्हा पाणी शोधलं, आणि जवळचं पाणी यंत्राच्या टाकीत होतं; दोन्ही डबे त्यातच रिकामे झाले. मी गेटवर कोचीच्या संघाला घ्यायला गेले होते. गुंडोने पाहिलं, पण आईला नाही कसं म्हणायचं म्हणून गप्प राहिला. सामन्याआधी त्याने ते पाणी नेहमीसारखं बर्फावर पसरवलं.

मिठाचं पाणी नीट गोठत नाही; बर्फ मळकट दिसत होता. आपल्या गोलासमोर, जिथे यंत्राची फेरी संपते, तिथे मोहऱ्या बर्फात रुतून बसल्या होत्या, काळ्या, टपोऱ्या. नियम तुझ्याच वेळचा आहे. यजमान मॅनेजरने दोन्ही कॅप्टनांसमोर बर्फ दाबून पाहायचा आणि खेळण्याजोगा आहे की नाही ते सांगायचं. नाही म्हटलं की सामना पाहुण्यांना. म्हणजे आपण शेवटचे, आणि बेळ्ळक्की संपले.

मी वाकून अंगठा दाबला. ठसा उमटला. मला आत लगेच नाही असं ऐकू आलं. आणि त्याच क्षणी वाटलं, हे बर्फ पाहून आलेलं नाही, हे माझ्या दमण्यातून आलंय. हेच तर तुला हवं होतं ना क्षमा, ते आता नियमाच्या आडून मिळतंय. मी पुन्हा दाबलं. पुन्हा ठसा. विराट माझ्याकडे बघत होता. कोचीचा कॅप्टन म्हणाला की तुम्ही म्हणाल ते आम्हाला मान्य. मी चालेल म्हणाले.

दुसऱ्या भागात संहिता उजवीकडे झेपावली तेव्हा तिचा स्केट त्या मऊ बर्फात रुतला आणि ती हातावर पडली. चकती तिच्या पॅडला लागून बाहेर गेली. बदली गोलकीपर ध्रुव उरलेला वेळ डोळे मिटून उभा होता असं विराट म्हणतो. सामना दोन-दोन. आपण टिकलो.

आईला मी मिठाचं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, दृष्ट केवढी मोठी होती बघ, मीठ नसतं तर मान मोडली असती.

तुझा राग मला कळेल. लोभाचं मी यावेळी काही मागत नाही.

क्षमा

*

हुबळी, ११ ऑक्टोबर

चि. क्षमास,
आशीर्वाद.

राग आलाय. दोन दिवस पत्र लिहायला बसत होतो आणि उठत होतो.

अंगठ्याचा ठसा उमटला तर त्या बर्फावर कुणाला उतरवायचं नाही. हे तुला मीच शिकवलं आणि तू कधी विसरली नाहीस. तू बर्फ बरोबर ओळखलास. मग स्वतःला तपासत बसलीस आणि बर्फाकडे बघायचं राहिलं. दमलेल्या माणसाचंही कधीकधी बरोबर असतं गं. तू संघ बुडवलास असं मी म्हणालो असतो, हे खरं आहे. एक-दोन वर्षं म्हणत राहिलो असतो. पण पोरीचा हात मोडला नसता.

गुंडोला बोलू नकोस. आईला बोलून उपयोग नाही.

आता काय झालं ते झालं. होसकोट्याची शेड मिळतेय. लीगची नोंदणी दिवाळीच्या आत करायची आणि मॅनेजरचं नाव लागतं. विराटची मुलं लहान, ध्रुवची परीक्षा. एक वर्ष अजून कर. पुढच्या वर्षी मी बदली मागून येतो. मागतो म्हणजे मागतोच.

राग निवळला की नीट पत्र लिहीन. तोवर हेच गोड मानून घे.

अण्णा

*

बेंगळुरू, १८ ऑक्टोबर

ती. अण्णास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आधी रडले आणि मग बराच वेळ बरं वाटलं. तू रागावलास ते योग्य कारणासाठी. मी स्वतःवर रागावत होते ते चुकीच्या.

मी पुढच्या वर्षी नाही. याला चांगलं कारण शोधायला मी आठवडाभर घेतला. आईची तब्येत म्हणावी, तर ती माझ्यापेक्षा ठणठणीत आहे. ऑफिस म्हणावं, तर तिथे मला कुणी फारसं विचारत नाही. संहितेच्या हाताचं प्रायश्चित्त म्हणावं, तर ती स्वतः एका हाताने वांगी चिरत ओरडली, की आत्या, माझ्या मनगटावर तुझा राजीनामा ठेवू नकोस, आधीच जड आहे. शेवटी उरलं ते एकच. मी दमले आहे. त्यामागे काही लपलंय का ते पुन्हा एकदा पाहिलं नाही.

काल विराटला घरी बोलावून तेवढंच सांगितलं. तो कॉफीचा पेला धरून थांबला. पुढे काही येईल अशी त्याची अपेक्षा असावी. मग तो सरी अक्का म्हणाला, नुसतं ठीक आहे, कॉफी संपवली, आईच्या पाया पडला आणि जर्सींची पिशवी उचलून जिना उतरला. नोंदणीत नाव कुणाचं लावायचं ते तो आणि तू बघा. नाही जमलं तर नाही जमलं. तो वाद घालेल म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. इतक्या सहज सुटल्याचं थोडं लागलं, हे तुला सांगायला हरकत नाही. पण पिशवी गेल्यावर दाराशी जी जागा मोकळी झाली, तिथे अजून मी काही ठेवलेलं नाही.

दिवाळीला ये. मॅनेजर नसलेल्या बहिणीवरही लोभ करता येतो का, ते प्रत्यक्ष बघ.

तुझी,
क्षमा