देवीचा डावा हात

दादा,

वाटणीत देवीची लाकडी मूर्ती माझ्याकडे सरकवत तू म्हणालास, "हात तूच मोडलास, आता तूच सांभाळ." आज ती जुन्या वस्तू पारखणाऱ्या एका बाईंकडे नेली. त्यांच्या खुर्चीलाही एक पाय नव्हता, खाली विटा लावल्या होत्या. ते जाऊ दे.

हात लहानपणी माझ्याकडून पडून मोडला, असं मी सांगितलं. बाईंनी भिंगातून बघितलं. "अंग सागाचं, दीडशे वर्षांचं तरी असेल. पण हा हात आधीच मोडला होता रे. कोणीतरी गुपचूप चिकटवला होता, खेळण्यातली विमानं जोडायच्या डिंकाने. तुझा नुसता धक्का लागला असेल."

घरात विमानं फक्त तूच जोडायचास. हात मोडला म्हणून बाबांनी मला झोडपलं तेव्हा तू दारातच उभा होतास. त्याच आठवड्यात मी घर सोडलं. आठ वर्षं झाली, अजून कुठे टिकलो नाही.

"दुरुस्ती कोणी केली? दाखल्यात लिहावं लागतं," बाई म्हणाल्या.

तुझं नाव अगदी ओठांवर आलं होतं. पण बाबा गेले, आता ऐकवायचं कोणाला?

"माहीत नाही असं लिहा," म्हटलं.

हे पत्र पाठवलं तर तू माफी मागशील आणि मला घरी यावं लागेल. दादा, तेवढं त्राण आज नाही.

तुझा,
धाकटा