आत्याच्या मानाची पत्रिका

बिरू,

सुखी राहा म्हणणार होते, पण आज तोंडात नुसत्या शिव्या येत्यात.

मंगळवारी टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला बसले होते. तुज्या नंबरवरनं मोबाईलवर लग्नाची पत्रिका आली. आईच्या पाटल्यांवरनं भांडलो त्याला सहा वर्षं झाली, तवापासनं तुजा एक फोन न्हाय. मला वाटलं, तुज्या ऋतुजाचं लगीन ठरलं. आत्यानं हळद लावल्याबिगर आपल्यात नवरी बोहल्यावर चढत न्हाय की! फोन जे जे विचारत गेला, त्याला मी 'होय' दाबत गेले. पत्रिका काय शेवटपर्यंत उघडली न्हाय, तरी डोळं पुसून मालकाकडं चार दिवसांची सुट्टी मागितली.

तासाभरात तीच पत्रिका माज्या नावानं कारखान्यातल्या सगळ्या बायकांना गेली. माजी म्हणून शेजारच्या मशीनवरच्या सोनमनं उघडाय घेतली आन तिचं बँकेतलं खातं साफ झालं. आता ती माज्याकडं बघतबी न्हाय. पोलीस म्हणाले, "मावशी, लग्नबिग्न काय न्हाय, पत्रिका म्हंजी फोनात शिरायचा सापळा. चोर भावाच्या फोनात शिरला आन त्यात सेव्ह असलेल्या सगळ्या नंबरांना पाठवून बसला."

थू त्याच्या जिनगानीवर! चोरायचं तर दार फोड की मुडद्या, आमच्या पोरीची हळद कशाला नासवतोस?

हे पत्र मी काय पेटीत टाकत न्हाय. पण बिरू, सहा वर्षांत तू माजा नंबर पुसला न्हवतास, हे मला त्या हरामखोराकडनं कळावं, ह्याचीच लई किळस येती.

तुजी अक्का,
मायाक्का