पाण्याखालचा रस्ता

श्री
मोताळा,
ता. ९ जानेवारी १९६३

चि. इंद्रभान यास महादेवचे अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचल्याचे कार्ड मिळाले. मलकापूरला तुला आणि रुख्मिणीला गाडीत बसवून आलो तेव्हापासून घर मोठे वाटते. मेथी तोडणीला आली आहे आणि मिरचीची पाने आकसू लागली आहेत. पण हे तुला परत बोलावण्यासाठी लिहीत नाही.

निघताना अंगणात जे ठरले ते विसरू नकोस. तुम्ही उतरला आहात त्या पुंजाजीने गिरणीत तुझ्यासाठी जागा पाहून ठेवली आहे आणि १९ तारखेला, शनिवारी, मुकादमाला हो की नाही ते सांगायचे आहे. शब्द मात्र रुख्मिणीचा चालेल. तिने मुंबई डोळ्यांनी पाहावी. ती हो म्हणाली तर मी आडवा येणार नाही. नाही म्हणाली तर परत ये आणि हा विषय पुन्हा काढू नकोस. तिला फूस लावू नकोस, दरडावू तर मुळीच नकोस. तुझी वहिनी म्हणते, भाऊजी तिले बाजारातल्या लेकरावानी चार खेळणी दाखवतीन अन् हो म्हणवून घेतीन.

माझ्या तापात तुझी वहिनी समुद्रातल्या दर्ग्याला चादर बोलली होती. आपण सैलानीच्या दर्ग्याला जातो तसेच तेही ठिकाण आहे, असे पुंजाजीच्या बनाबाईने तिला सांगितले होते. चादर रुख्मिणीच्या पिशवीत आहे. तेवढे करून या.

पुंजाजी व बनाबाईस नमस्कार. तुमची वाट पाहणारा,
महादेव

श्री
मुंबई,
ता. १४ जानेवारी १९६३

तीर्थरूप दादांस, शि. सा. न. वि. वि.

आज संक्रांत. पाकिटात तिळगूळ घातला आहे, पोचेपर्यंत त्याचा चुरा होईल. तुम्ही व वहिनींनी गोड मानून घ्यावा.

शनिवारी मुकादमाला नाही सांगून आम्ही रात्रीच्या गाडीने निघतो. कारण लिहितो. वहिनींना एकदम सांगू नये.

काल रविवार होता. एका दिवसात सगळी मुंबई दाखवायची असे मी मनात धरले होते. सकाळी राणीच्या बागेतला हत्ती, मग ट्राम, मग टेकडीवरचा म्हातारीचा बूट. रुख्मिणी एकसारखी म्हणत होती की जरा बसू द्या. मी म्हणत होतो की अजून पालवा बंदर आहे, मासेघर आहे. दुपारी दर्ग्यावर गेलो. काठापासून समुद्रात फरसबंद वाट जाते आणि टोकाला दर्गा. मुकादम महालक्ष्मीच्या देवळापाशी भेटणार होता, म्हणून मी तिला म्हटले की तू चादर चढव, मी गेलो आणि आलोच. तेव्हा वाटेच्या कडेला पाणी नुसते चाटत होते.

मुकादम उशिरा आला. परतलो तर वाट नव्हती. काठापासून दर्ग्यापर्यंत नुसते पाणी. मी आधी वर आभाळाकडे पाहिले. ढगाचा ठिपका नाही, मग पूर आला कुठून? वाटले, वरच्या अंगाला कोणी धरण सोडले असेल. ती मला शोधत त्या टोकाने चालत निघाली असेल, ह्याखेरीज डोक्यात काही येईना. दर्ग्याच्या कठड्याशी एक हिरवे लुगडे दिसे आणि नाहीसे होई. तिथे निशाणेही हिरवीच.

मी उतरलो. नळगंगेच्या पुरात आपण तळ चाचपत जातो तसा पाय टाकत गेलो. फरशी पायाला लागत होती म्हणून पुढे गेलो. पाणी कमरेला आले आणि एका लाटेने मला आडवा केला. दोघांनी दंडाला धरून बाहेर ओढले आणि वर शिव्या दिल्या. म्हणाले, थांब, संध्याकाळी रस्ता आपोआप वर येईल. मला खरे वाटले नाही. पुरात गेलेला रस्ता त्याच दिवशी परत मिळाल्याचे आपण कधी पाहिले आहे का?

सूर्य कलला तेव्हा फरशी दिसू लागली आणि रुख्मिणी चालत आली. तेव्हापासून ती फार बोलत नाही. फार भ्याली आहे. तिला विचारण्यासारखे आता काही उरले नाही. अशा गावात आपण राहायचे नाही.

आपला आशीर्वाद डोक्यावर आहे, तो तसाच राहावा.
आपला आज्ञाधारक,
इंद्रभान

श्री
मुंबई,
संक्रांत

ती. सौ. जाऊबाईंस रुख्मिणीचा पायावर डोके ठेवून नमस्कार.

चादर चढवली. आता भासऱ्यांना ताप येणार नाही. नारळ वाढवला त्याचा तुकडा तुमच्यासाठी बांधून ठेवला आहे.

ह्यांनी भासऱ्यांना पत्र लिहिलं आहे. मी भ्याली असं लिहून राह्यले होते, ते मी मागून वाचलं. जाऊबाई, मी भ्याली, पण पाण्याले नाही.

तिथं फुलं विकणारी एक म्हातारी होती. मी वाटेकडे निघाली तर तिनं माझा पदर धरून बसवलं. म्हणे, येडी झालीस का, हे पाणी दोन वेळा येते अन् दोन वेळा जाते, त्याच्या वेळा आम्हाले तोंडपाठ आहेत. तू इथंच बस. मी तिच्याजवळ शेवंतीचे गजरे करत बसली. दिवसभरात पहिल्यांदा बूड टेकलं. पाण्यातून मुंबई पाहिली. तेवढी काही मोठी नाही. आपली नळगंगा कधी सांगून येत नाही. हे पाणी येतं अन् कबूल केल्यासारखं जातं. मनात आलं, अशा गावाशी आपलं जमेल.

तेवढ्यात काठावर हे दिसले. पाण्यात उतरून राह्यले होते. म्हातारी म्हणाली, तो कोण बावळा मराले चालला? मी कठड्यावर चढली. पिशवी हलवली, वर निशाणं फडफडत होती, त्यात कोणाले दिसते? अहो म्हणून ओरडली. त्या गर्दीत अहो कोणाले ऐकू जाते? मग मी त्यांचं नाव घेतलं. उखाण्यात नाही, नुसतं. घसा बसेपर्यंत घेतलं. आजही बसलेलाच आहे, म्हणून मी बोलत नाही. ह्यांना वाटते भेदरली.

मले त्यांनी अजून विचारलं नाही. आपल्याच मनानं नाही म्हणून मोकळे झाले. बनाबाई म्हणते तू आपणहून सांग. पण सांगावं तर त्यांचा भित्रेपणा उघडा पडते, अन् न सांगावं तर जन्मभर मेथीच्या वाफ्यावर उभे राहून माझ्यामुळं गिरणी गेली म्हणतीन. मी काय करू ते लिहा. नावाचं कोणाले सांगू नका.

माझ्यावरची माया दूर आहे म्हणून पातळ होऊ देऊ नका.
तुमची रुख्मिणी

श्री
मोताळा,
ता. १७ जानेवारी १९६३

चि. इंद्रभान यास महादेवचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि रुख्मिणीचे पत्र एकाच डाकेने आले. तुझ्या वहिनीला तिचे अक्षर लागेना, म्हणून मला वाचावे लागले. मध्येच तिने माझ्या हातून हिसकून घेतले, पण तोवर माझे वाचून झाले होते. हे शनिवारच्या आत पोचावे म्हणून स्वतः मलकापूरला जाऊन गाडीच्या डाकेत टाकतो आहे.

तुझे पत्र वाचून मला बरे वाटले, हे लपवत नाही. तू येणार म्हणून मी कोपऱ्यातली खाट ओढून जागेवर ठेवली. मग दुसरे पत्र वाचले आणि खाट परत उचलली. शब्द रुख्मिणीचा चालेल असे मीच म्हणालो होतो आणि तिचा शब्द हो आहे. तू विचारले असतेस तर तुलाही कळले असते. मुकादमाला हो सांग. मिरचीचे मी आणि तुझी वहिनी पाहून घेऊ. उन्हाळ्यात लावणीला दोघे या.

वहिनी म्हणते, भाऊजीले सांगा, बायकोले मुंबई दाखवाले नेलं होतं, तर अध्येमध्ये तिच्याकडंही पाहाचं होतं.

ती पाण्याला भ्याली, हा तुझा समज तेवढा काढून टाक. तू कमरेएवढ्या पाण्यात होतास तेव्हा कठड्यावर उभी राहून ती तुला काय म्हणून हाका मारत होती, ते तिला विचार. सांगणार नाही. पण विचार.

तिळगूळ चुरा होऊनच आला. आम्ही चिमटीने खाल्ला.

दोघांवर सारखीच माया असलेला,
दादा