न घेतलेल्या व्याहीभेटीचा खुलासा

मु. पांडेसरा, सुरत
रविवार, सकाळचा चहा झाल्यावर

श्री. निंबाभाऊ देवरे, मु. सचिन, यांस,

पांडेसऱ्याहून भिकन झिपरू बागूल याचा दोन्ही हात जोडून रामराम. (हात नीट जुळतात. तक्रार हातांची नाही, ती पुढे येईल.) घरी ताराबाई, आमचे होणारे जावई ललितराव आणि लहानथोर सगळे खुशाल असतील, तुमची साखर आटोक्यात असेल आणि पिण्याचं पाणी वेळेवर येत असेल, अशी आशा करतो. आमच्याकडे पाणी वेळेवर येतं, पण त्या वेळी मी अंथरुणात आडवा लाकडासारखा पडलेला असतो, त्यामुळे हंडे सूनबाई रंजना भरते आणि बोलणी मी खातो.

फोन सोडून पत्र का लिहिलं, असं तुम्हाला वाटेल. माझं उभं आयुष्य लूमच्या खात्यात, कापडाच्या मागांवर गेलं. तिथल्या खडखडाटात ओरडल्याशिवाय शेजारच्यालाही ऐकू जात नाही, ती सवय अंगात मुरली. मी फोनवर नुसतं 'जेवण झालं का' विचारलं तरी समोरच्याला मी भांडायला उठलो असं वाटतं. आधीच तुम्ही रागावलेले, त्यात मी ओरडून माफी मागितली तर उरलंसुरलं जुळलेलंही मोडायचं. म्हणून पत्र. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेव्हा अक्षर सांभाळून घ्यावं.

तर साखरपुड्याची गोष्ट. आपल्यात व्याहीभेट नुसत्या मिठीवर भागत नाही, एकमेकांना उचलावं लागतं, हे तुम्हाला मी काय सांगावं. कोणी कोणाला किती उचललं हे बायका डोळ्यांत तेल घालून बघतात आणि पुढे पोराबाळांना सांगतात. तुम्ही अंगाने असे भरलेले, दोन्ही हात पसरून हसत पुढे आलात, आणि मी, मुलीचा बाप, मागे सरकलो. सरकलो तो खुर्चीच्या आड गेलो. तुमचे हात तसेच हवेत राहिले. (ते चित्र अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. आमची ही, मंगलाबाई, म्हणते, जेवताना तरी हलवा.) नंतर तुम्ही मागून हाक मारलीत तीही मला ऐकू आली होती. पण मी मान वळवली नाही. मग अख्खाच्या अख्खा फिरेपर्यंत तुम्ही निघून गेला होतात.

त्यानंतर तुम्ही लग्नाची तिथी काढायला येणार होतात, ते आला नाहीत. सोयरीक जुळवणाऱ्या दगाभाऊंना विचारलं तर म्हणाले, "निंबाभाऊ नाराज शेतस. कसाले, ते तुमले ठाऊक." कशाला नाराज ते मलाच ठाऊक, एवढं बोलून ते चहा न पिता गेले. दगाभाऊ चहा न पिता जातात म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं असं आमच्या गल्लीत समजतात. तेव्हापासून पोर मयुरी घरात गप्प आहे. म्हणजे माझ्यासमोर गप्प आहे, गच्चीवर जाऊन फोनवर बोलते. मला जिने चढून ऐकायला जाता येत नाही, त्यामुळे काळजी दुप्पट.

म्हणून आता खरं सांगतो. निंबाभाऊ, मी गर्विष्ठ नाही. माझा पाठीचा कणा आखडलेला आहे. संधिवात म्हणतात तो, पण गुडघ्यातला नव्हे, मणक्यातला. मुलीच्या बापाने वाकावं अशी रीत आहे आणि मी ती मानतो. मनाने मी त्या दिवशी सबंध वेळ वाकलेलोच होतो, फक्त बाहेरून ते दिसत नव्हतं.

हे दुखणं आजचं नाही. तरुणपणापासून सकाळी उठलो की कंबर धरलेली असायची, कामाला लागलो की हळूहळू सुटायची. मला वाटायचं सगळ्यांचं असंच असतं. शेवटी मान वळेनाशी झाली आणि रस्ता ओलांडताना एका रिक्षावाल्याने मला माझ्या वडिलांपर्यंत सगळं सुनावलं, तेव्हा पोराने दवाखान्यात नेलं. डॉक्टर गुजराती, फार भला माणूस. कंबरेचा फोटो उजेडावर धरून म्हणाले, "काका, आ तो बांबू जेवुं छे." मला आधी बरंच वाटलं. बांबूसारखा म्हणजे मजबूत, असं धरून मी मंगलाबाईकडे बघितलंसुद्धा. (बघितलं म्हणजे सगळा वळलो.) मग त्यांनी समजावलं की मणक्यांच्या सांध्यांना आतून सूज येते, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं की मणके एकमेकांना चिकटतात आणि कणा एकसंध होतो. मी विचारलं, लूमवर उभं राहून झालं का? तर म्हणाले, उभं राहून होत असतं तर अर्धं सुरत बांबू झालं असतं. चिकटलेलं सुटणार नाही, पण जेवढं मोकळं आहे तेवढं राखायचं. गोळी जेवल्यावर, व्यायाम रोज, बिडी बंद. शेवटचं ऐकून मंगलाबाईने डॉक्टरांना हात जोडले. जी गोष्ट तिला सगळ्या संसारात जमली नाही ती त्यांनी एका वाक्यात केली.

या दुखण्याची तऱ्हा उलटी आहे बघा. बाकीच्या दुखण्यात माणूस पडून राहतो आणि बरा होतो. यात पडून राहिलं की आणखी आखडतं. पण हे घरच्यांच्या गळी कसं उतरवावं? सुरुवातीला मंगलाबाईने मला मायेने पलंगावर निजवून ठेवलं, गादीवर गादी घातली, डोक्याखाली दोन उशा दिल्या आणि चहा तोंडाशी आणला. असं सुख मला लग्नातही मिळालं नव्हतं. आणि त्या सुखाने मी असा जाम झालो की उठवायला शेजारचे बळीराम आप्पा आणि त्यांचा जावई बोलवावा लागला. आता कडक फळीवर निजतो, उशी जवळजवळ नाहीच. सकाळी गरम पाण्याने अंग शेकलं की सांधे थोडे थोडे ऐकायला लागतात. शिंक मात्र अजून ऐकत नाही, आली की सगळा कणा ठणकतो. मला शिंक येणार असं दिसलं की रंजना मला धरायला यावं म्हणून गॅस बारीक करते आणि नातवंडं श्वास धरून उभी राहतात.

व्यायामातला एक भिंतीचा आहे. टाचा, पाठ आणि जमलं तर डोकं भिंतीला टेकवून सरळ उभं राहायचं आणि छाती भरून श्वास घ्यायचा. घरात मोकळी भिंत कुठली, सगळीकडे कपाटं. म्हणून मी बाहेर गल्लीच्या भिंतीशी उभा राहतो. बळीराम आप्पांनी रोज ते बघितलं आणि त्यांचा असा समज झाला की सून मला घराबाहेर उभं करते. त्यांनी रंजनाला बोलावून सांगितलं, "पोरी, म्हातारा माणूस आहे, चुकला असेल, आता घे घरात." ती बिचारी रडत घरी आली. मग मी त्यांना व्यायाम समजावला, तर त्यांना तो इतका पटला की आता तेही माझ्या शेजारी उभे राहतात. आता येणारे-जाणारे समजतात, दोघांनाही सुनांनी काढलं.

याच बळीराम आप्पांनी मला एकदा देवदर्शन म्हणून भेस्तानला नेलं. देऊळ काही दिसेना, एका पत्र्याच्या खोलीत नेऊन बसवलं. तिथे एक पैलवान बाह्या सरसावत म्हणाला, "काकाला पालथं घाला, एका झटक्यात मणके सुटे करतो." डॉक्टरांनी मला बजावलेलं होतं की कोणाकडून झटका घ्यायचा नाही, चिकटलेला कणा अशाने मोडतो आणि मग माणूस कायमचा जातो. मी तिथून पळालो. माझं पळणं म्हणजे काय, तर आप्पा मागून सावकाश चालत आले आणि माझ्याबरोबर रिक्षात बसले. पण निघालो हे महत्त्वाचं. तेव्हापासून कोणीही माणूस हात पुढे करून माझ्याकडे यायला लागला की माझी छाती धडधडते. साखरपुड्याला तुम्ही आलात तसे. तुमचा दोष नाही.

हे सगळं मी त्याच दिवशी सांगितलं असतं. पण मंगलाबाईचा हुकूम होता, "पोरनं लगीन होऊ द्या, मंग सांगा कोनले काय सांगनं ते." तिचं म्हणणं, बापाला असलं दुखणं आहे कळलं तर लोक म्हणतील रक्तात आहे, आणि पोर घरात राहील. आई आहे, तिला भीती वाटते. मलाही वाटली, म्हणून मी डॉक्टरांना एकट्याने जाऊन विचारलं. ते म्हणाले, हे थोडंफार घराण्यातून येऊ शकतं, पण ज्यांच्या रक्तात ते असतं त्यांतल्या बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. फक्त कमी वयात सकाळी कंबर आखडायला लागली तर अंगावर न काढता लगेच दाखवायचं, आता त्यावर चांगले उपाय आहेत. मयुरीला काही त्रास नाही. स्कूटर घेऊन मार्केटच्या ऑफिसात जाते, नवरात्रात गरबा खेळते, पाण्याचा जार एकटी उचलते. पण मी तुमच्यापासून हे लपवून तिला तुमच्या घरी पाठवली, तर माझी मान आहे त्याहून खाली जाईल, आणि ती आधीच पुरेशी खाली आहे.

तेव्हा आता तुम्ही ठरवाल ते. दुखणं ऐकून नको म्हणालात तर मी काही बोलणार नाही. पण मी माजलो म्हणून नको म्हणू नका, आणि माझ्या वागण्याचा राग पोरीवर काढू नका. ललितराव तिला आवडले आहेत. ते बघायला आले त्या दिवशी तिने चहात साखर दोनदा घातली आणि तुम्ही साखरेचा त्रास असून तो मुकाट्याने प्यायलात. तेव्हाच मी मंगलाबाईला म्हटलं होतं, माणसं चांगली आहेत.

ताराबाईंना नमस्कार सांगावा. उत्तराची वाट बघतो. उभा राहूनच बघतो, कारण फार वेळ बसलो तर पुन्हा उठायची पंचाईत.

आपला,
भिकन बागूल

ता.क. उत्तर घरच्या पत्त्यावर पाठवू नये. पाकीट मंगलाबाईच्या हाती पडेल आणि मग माझं दुसरं काहीतरी आखडेल. दगाभाऊंच्या हाती द्यावं.

ता.क. दुसरा. मोठा घोटाळा झाला आहे. तुमचा पत्ता सुवाच्य असावा म्हणून पाकीट मयुरीला लिहायला दिलं आणि पत्र तिथेच टेबलावर ठेवलं. तिने उभ्याउभ्या सगळं वाचलं. आधी हसली, मग डोळे पुसले, मग मला ओरडली. म्हणाली, "पप्पा, ललितला मी पहिल्या भेटीतच सगळं सांगितलं होतं. त्याने त्याच्या घरी सांगितलं. त्याच्या आई-पप्पांना दोघांनाही माहीत आहे. त्याचे पप्पा तुम्हाला उचलायला नव्हते आले. तुम्ही पायरीवर डुलत होता म्हणून धरायला आले होते."

मी खाली बसलो. (बसायला वेळ लागला, पण बसलो.) म्हटलं, मग निंबाभाऊ नाराज कशावर? तर म्हणाली, पुरणाच्या मांड्यावर. पंगतीत तुम्हाला मी आग्रह केला नाही म्हणून. ललितराव सांगत होते म्हणे, तुम्ही घरी जाऊन म्हणालात, "कंबर धरेल शे, कबूल. पन जीभ त धरेल नही ना! 'आखो एक मांडा ल्या' इतलं म्हनाले काय व्हयनं व्हतं?"

निंबाभाऊ, तुमचं शंभर टक्के खरं आहे. पंगत जमिनीवर होती, मला कोणी 'बसा' म्हणेल या धास्तीने मी सगळा वेळ आचाऱ्याच्या मागे लपलो होतो. ताट ठेवायला वाकता येत नाही एवढंच माझ्या डोक्यात. लांबून नुसतं 'आणखी एक मांडा घ्या' असं ओरडता आलं असतं, आणि लूमवाल्याला ओरडायला काय लागतं, हे सुचलंच नाही. आता मागचं पत्र निरुपयोगी झालं, पण एवढं लिहिलं आहे तर पाठवतो.

ता.क. तिसरा, आणि पत्र खरं एवढ्यासाठीच समजावं. येत्या रविवारी ताराबाईंना, ललितरावांना आणि भटजींचं पंचांग घेऊन जेवायला यावं. मंगलाबाईला आत्ताच सगळं सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही, पण मांडे भाजायचं खापर धुवून उन्हात ठेवलं आहे आणि पुरणाची डाळ निवडायला घेतली आहे. तुम्हाला उंच टेबलाशी खुर्ची मांडतो, म्हणजे मला उभ्यानेच वाढता येईल. साखरेचं मला माहीत आहे, तुम्ही त्या दिवशीची गोळी आठवणीने घ्या. फक्त 'नको' म्हणताना ताटावर हात आडवा धरू नका. मला हात चुकवून वाढता येत नाही, आणि या खेपेला वाढल्याशिवाय मी तिथून हलणार नाही.