काळी चौकट

आबा, आज शाळेतून वार्षिक अंकाचा मजकूर छापायला आला. हेडमास्तर नवे आहेत, भलतेच उत्साही. कागद हातात देताना म्हणाले, "बाई, शेवटचं पान श्रद्धांजलीचं. चांगली ठळक काळी चौकट टाका." मी मान हलवली. ते गेल्यावर मात्र चौकटीच्या जाड पट्ट्यांचा खण उघडायला हात धजेना.

छापखान्याचे सगळे शब्द तुम्ही मला या अंकावरच शिकवलेत. फोटोचा ठोकळा सुरतेहून गाडीने यायचा, तो तुम्ही मला दोन्ही हातांनी धरायला लावायचात. समास म्हणजे काय विचारलं, तर म्हणालात, वाचणाऱ्याच्या अंगठ्याची जागा. जुळवलेली पानं दगडावर मांडून आवळली की झाला फर्मा. प्रुफात माझी चूक निघाली की तुम्ही रागावत नव्हतात, चिमट्याने तो अक्षराचा खिळा उचलून माझ्या तळहातावर ठेवायचात, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. फक्त वर्षभरात गेलेल्या मुलांच्या आणि शाळेशी जोडलेल्या माणसांच्या नावांभोवती जी काळी चौकट लागते, तिला तुम्ही नाव दिलं नाही. "ते रिकामं ठेवानं नही," एवढंच बजावायचात, "काम व्हयनं का लगेच सोडी टाकानं." रिकामी राहिली तर ती घरातलंच माणूस मागते, अशी तुमची ठाम समजूत. एरवी भुताखेतांची टर उडवणारे तुम्ही! मला हसू यायचं.

प्लेगच्या त्या वर्षी हसू आलं नाही. शेवटचं पान दगडावर आहे. नावात चूक आहे म्हणून तुम्ही आतली ओळ उचलून बाजूला काढली आहे, चौकट रिकामी आहे. तेवढ्यात यंत्रामागे धप्प आवाज होतो. उंदीर. आपण दोघंही त्याच्याकडे बघत राहतो. मग तुम्ही मला दंडाला धरून बाहेर काढता, कुलूप लावता, आणि दिवस मावळायच्या आत आपण धानोऱ्याच्या रस्त्याला शेतात, सगळं गाव झोपड्या घालून बसलंय तिथे असतो.

तिथे मला ताप भरला. तुऱ्हाट्यांच्या भिंतीतून ऊन आत येत होतं आणि तुम्ही माझ्या उशाशी बसून कशाचा तरी हिशेब लावत होता. एकदम उठलात. आईला कळलं तसा तिचा तोल गेला. "गावमा उंदीर पडी ऱ्हायनात. पोर तापमा शे, आनि तुम्हले छापखानानं पडेल शे?"

"तिन्हाकरताच जास मी," तुम्ही म्हणालात. "ते रिकामंच ऱ्हायनं."

तुम्ही भरदुपारी परत आलात. बोटांना शाई, चेहरा कसा मोकळा झालेला. माझ्या कपाळावर हात ठेवलात. "सोडी टाकं. आते उतरी तिन्हा ताप." आणि संध्याकाळी मला खरंच घाम फुटला, ताप उतरला. आई रडली. तुम्ही नुसते हसलात, आणि मला त्या हसण्याची आजही भीती वाटते. पुढे थोड्याच दिवसांत तुमच्या काखेत गाठ आली.

माझा तो ताप साधा हिवताप होता, असं डॉक्टर नंतर म्हणाले. प्लेग कसा होतो, उंदरांवरच्या पिसवा काय करतात, तेही मी पुढे वाचलं. म्हणून तुमचा राग येतो, आबा. शिशाच्या चार पट्ट्या सोडवायला कुणी मेलेल्या गावात जातं का? आणि तरीही एवढी वर्षं मी तुमचा छापखाना चालवते आहे, पण कुणाच्याही श्रद्धांजलीचं पान छापून झालं की हातावरची शाई पुसायच्या आधी पट्ट्या सोडवते. कामगार मागे हसतात. हसू देत.

त्या वर्षीचा अंक निघालाच नाही, त्यामुळे तुमचं नाव त्या चौकटीत कधी आलं नाही. परवा धाकट्या भावाच्या लग्नाची पत्रिका मी स्वतः जुळवली. तुमच्या नावाआधी 'कै.' हवं होतं. खिळे उचलले, हातात धरून उभी राहिले, आणि पुन्हा खणात टाकले. प्रूफ वाचताना आईने बोट तुमच्या नावावर ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि कागद परत दिला. पत्रिका तशाच तळोद्यापर्यंत वाटून झाल्या आहेत.