निळा ठिपका

१२ मार्च

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. माझा गुडघा कुरकुरतो, जीभ मात्र ठणठणीत आहे, काळजी नसावी. सूनबाईंनी विणलेला स्वेटर अंगाबरोबर बसला.

आपल्या राज्यातल्या समाजसुधारणेच्या इतिहासातलं माझ्यावरचं प्रकरण छापण्याआधी पाठवलंस, बरं केलंस. छान लिहिलंयस. इतकं छान, की ही बाई कोण ते मलाच कळेना. 'ग्रंथालयाच्या तरुण लिपिकेने नदीपलीकडच्या वस्तीसाठी पुढचं दार उघडलं.' अरे, मी टेबलाशी बसून होते. दार झाडूवालीने उघडलं.

ती त्याच वस्तीतली. फरशी पुसायला पुढचं दार, पुस्तक मागायला मागची खिडकी. त्या सकाळी वस्तीतली चाळीस माणसं पायऱ्यांवर उभी राहिली, तेव्हा ग्रंथपालांनी आतून कुलूप लावलं. दुसरी किल्ली तिच्याकडे असायची. तिने बादली खाली ठेवली, कुलूप काढलं आणि म्हणाली, "फरशी मी पुसलीय. पाय कुणाचे ते मी बघून घेईन."

संध्याकाळपर्यंत तिची नोकरी गेली. आठवड्याने त्याच पायऱ्यांवर भाषण मी ठोकलं आणि फोटो माझा छापून आला. पुढे ग्रंथालयं सगळ्यांना खुली करणारा कायदा झाला, हार माझ्या गळ्यात पडले.

तू म्हणशील, इतकी वर्षं का गप्प होतीस? टाळ्या गोड लागतात रे. पण तेवढंच नाही. हा कागद दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहितेय.

खिडकीतून परत आलेली पुस्तकं तीन दिवस गच्चीवर उन्हात पडायची. मग शेवटच्या पानावर निळा ठिपका द्यायचा, म्हणजे पुस्तक वस्तीत जाऊन आलंय हे 'आपल्या' वाचकांना कळावं. ते ठिपके मी द्यायचे. कायद्यानंतरही दीड वर्ष देत होते. कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी ठिपके, संध्याकाळी समतेवर व्याख्यान. एके दिवशी तिने परत केलेल्या पुस्तकावर तिच्यादेखतच मी टाक टेकवला, सवयीने. तिने ओल्या शाईवरून अंगठा फिरवला, निळा झालेला अंगठा माझ्यापुढे धरला.

"बाई, भाषणात हेही सांगता का?"

नाही सांगितलं. आजवर नाही.

इतिहास छापणारं तुझं मंडळ म्हणतं, मुलांपुढे आदर्श हवा. आहे की! बादलीवाला आदर्श आहे, जिवंत आहे आणि ती अजून दर आठवड्याला दोन पुस्तकं नेते. तिचं प्रकरण लिही आणि त्यात माझे ठिपके लिही. कायदा सभागृहात पास होतो, हातातली सवय तिथे मोडत नाही. हे नसेल तर तुझा इतिहास म्हणजे नुसती सत्काराची यादी. मंडळ नाही म्हणालं, तर माझं प्रकरण काढून टाक.

रविवारी तुमचं मंडळ माझा सत्कार करतंय, त्या समारंभात मी बोलणार आहे. तिने अंगठा फिरवलेलं ते पुस्तक शोधून काढलंय. शेवटचं पान उघडून व्यासपीठावर धरीन. तिला पहिल्या रांगेत बोलावलं, तर म्हणाली, "तुम्ही खरंच सांगणार असाल तर येते." मंत्र्यांसमोर शोभणार नाही, असं तू म्हणशील. न शोभो. माईक बंद केलात, तरी माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

दार न उघडलेली,
तुझी ताई